रमाबाई रानडे आणि वॉर्डातली सिस्टर

१२ मे हा जागतिक परिचारिका दिन. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा हा जन्मदिवस. त्या दिवशी रुग्णालयांमध्ये मेणबत्त्या लागतात, शपथ घेतली जाते, परिचारिकांना गुलाबाचे फूल मिळते आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला सगळे पूर्ववत सुरू होते. नाइटिंगेल यांचे ऋण मोठेच आहे. पण मराठी घरातली मुलगी गणवेश घालून परक्या माणसांची शुश्रूषा करायला जाऊ शकते आणि त्यात तिच्या घराला कमीपणा येत नाही, ही गोष्ट लंडनमध्ये ठरली नाही. ती आपल्याकडे घडवावी लागली. ती घडवणाऱ्यांमध्ये एक ठळक नाव रमाबाई रानडे यांचे आहे.

रमाबाईंना आपण न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी म्हणून ओळखतो. ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हे त्यांचे पुस्तक अनेकांनी वाचलेले असते. ‘उंच माझा झोका’ या मालिकेमुळे त्या घरोघरी पोहोचल्या. मात्र मालिकेतली छोटी रमा जितकी लक्षात राहिली, तितक्या पन्नाशीतल्या, नर्सिंगच्या वर्गासाठी विद्यार्थिनी गोळा करणाऱ्या रमाबाई राहिल्या नाहीत. रुग्णालयात काम करणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरला त्याच जास्त महत्त्वाच्या वाटतात.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे या गावी झाला. तेव्हा हे गाव सातारा जिल्ह्यात होते, आज सांगली जिल्ह्यात आहे. माहेर कुर्लेकरांचे. मुलीला अक्षरओळख करून देण्याची त्या घरात पद्धत नव्हती. १८७३ मध्ये, अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न झाले. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे होते. पहिली पत्नी वारल्यावर ते विधवेशी विवाह करतील अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली आणि अकरा वर्षांची मुलगी घरात आणली. त्याबद्दल त्यांच्यावर बरीच टीका झाली. पुढे त्यांनी एक गोष्ट मात्र नेटाने केली. लग्न होताच त्यांनी पत्नीला शिकवायला सुरुवात केली, आधी मराठी आणि मग इंग्रजी.

हे शिक्षण सोपे नव्हते. घरात सासूबाई, नणंदा, इतर नातलग बायका असा मोठा गोतावळा होता. रानड्यांची बहीण दुर्गाबाई स्वतः विधवा होती. सुनेने पुस्तक हातात धरावे, त्यातही इंग्रजी शिकावे, हे या बायकांना रुचत नव्हते. टोमणे आणि अबोला रोजचाच होता. रमाबाई उलट बोलल्या नाहीत आणि त्यांनी वाचणेही सोडले नाही. घरातला विरोध कसा असतो, तो भीतीतून कसा येतो आणि भांडण न करता त्यातून वाट कशी काढायची, हे त्या इथे शिकल्या असाव्यात. पुढे शेकडो घरांतल्या सासवा, दीर आणि भाऊ यांची समजूत घालताना त्यांना हाच अनुभव उपयोगी पडला असणार.

१८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाज सुरू झाला. रमाबाई रानडे त्यात सहभागी झाल्या. १८८४ मध्ये पुण्यात मुलींचे हायस्कूल सुरू झाले. तीच आजची हुजूरपागा. त्या कामातही त्या होत्या. १८९३ मध्ये रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि बिऱ्हाड मुंबईला गेले.

या सगळ्या काळात घरातली शुश्रूषा रमाबाईंकडेच होती. रानड्यांच्या डोळ्यांची तक्रार होती, म्हणून त्यांना वाचून दाखवणे, रात्री तळपायांना तूप चोळणे, पथ्यपाणी सांभाळणे हे त्या करत. शेवटच्या दिवसांत रानड्यांना हृदयविकाराचा त्रास होता. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. रमाबाईंना एकोणचाळीस वर्षे पूर्ण व्हायला काही दिवस होते.

त्या पुण्याला परतल्या आणि बराच काळ घराबाहेर पडल्या नाहीत. मग हळूहळू त्यांनी स्वतःला कामात घातले. येरवड्याच्या तुरुंगात स्त्री कैद्यांना भेटायला त्या जाऊ लागल्या. रुग्णालयांमध्ये फळे, फुले आणि पुस्तके घेऊन जाऊ लागल्या. १९०४ मध्ये मुंबईला भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या.

रुग्णाला फळे नेऊन देणे चांगलेच आहे. आजही अनेक संस्था तसे करतात. पण फळे देणारा माणूस अर्ध्या तासाने घरी जातो. रात्री दोन वाजता ताप किती आहे, लघवी झाली का, जखमेतून रक्त येते का, हे पाहणारे कोणीतरी तिथे थांबावे लागते. त्यासाठी प्रेमळ मन पुरत नाही. शिक्षण लागते, सवय लागते, कामाची वेळ ठरलेली लागते आणि कामाचा पगारही लागतो. रमाबाईंच्या पुढच्या कामाचे महत्त्व यातच आहे. दयेपासून सुरुवात करून त्या व्यवसायापर्यंत पोहोचल्या.

१९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढले. रमाबाई त्याच्या अध्यक्ष झाल्या. २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुण्याचे सेवासदन सुरू झाले, तेही रमाबाईंच्या राहत्या वाड्यात. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे त्यांचे प्रमुख सहकारी होते. सेवासदनात प्रौढ स्त्रियांसाठी लिहिण्या-वाचण्याचे आणि शिवणाचे वर्ग निघाले, शिक्षिका तयार करण्याचे काम सुरू झाले. हे सारे लोकांनी थोड्याफार कुरकुरीनंतर मान्य केले. नर्सिंगचे नाव निघाले तेव्हा मात्र दारे बंद होऊ लागली.

का, हे समजून घ्यायला हवे. नर्सचे काम म्हणजे परक्या माणसाच्या अंगाला हात लावणे. तो कोणत्या जातीचा, हे विचारण्याची सोय नाही. मलमूत्र, पू, रक्त यांच्याशी रोजचा संबंध. त्यात रात्री घराबाहेर राहणे. त्या काळच्या सोवळ्याओवळ्याच्या घरात यातली एकेक गोष्टसुद्धा मुलीचे नाव टाकायला पुरेशी होती. त्यामुळे रुग्णालयांतल्या बहुतेक परिचारिका युरोपियन, अँग्लो-इंडियन किंवा भारतीय ख्रिस्ती असत. आपल्याकडच्या नर्सिंगचा पाया या स्त्रियांनी घातला, हे विसरता कामा नये. पण ज्या घरांनी आपल्या मुली नर्स होऊ दिल्या नाहीत, त्याच घरांतल्या बायका परक्या नर्सच्या हाती जायलाही तयार नसत. बाळंतपण घरच्या अंधाऱ्या खोलीत होई. नाळ हाताला येईल त्या हत्याराने कापली जाई. बाळंतरोगाने आई जाई, धनुर्वाताने बाळ जाई. सोवळे पाळण्याची किंमत बायका आणि मुले जिवाने मोजत होती.

रमाबाईंनी यावर भाषणांपेक्षा व्यवस्थेने उत्तर दिले. पुण्याच्या ससून रुग्णालयात सेवासदनच्या विद्यार्थिनींना परिचारिका आणि सुईण म्हणून शिकण्याची सोय झाली. काही मुली वैद्यकीय शिक्षणाकडेही गेल्या. रुग्णालयात शिकणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह निघाले. मुलगी रात्री कुठे राहील, काय खाईल, तिच्यावर लक्ष कोणाचे असेल, हे घरच्यांचे खरे प्रश्न होते आणि प्रत्येकाला उत्तर तयार ठेवले गेले. खुद्द न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी हमी घेत आहेत म्हटल्यावर नाही म्हणणे अवघड होई. शिकायला येणाऱ्यांत तरुण विधवा पुष्कळ होत्या. घरात ज्यांना अशुभ मानून मागच्या खोलीत बसवले होते, त्या बायका परीक्षा देऊन, प्रमाणपत्र घेऊन, पगारावर काम करू लागल्या.

हे लोकांच्या पचनी पडायला वेळ लागला. सेवासदनच्या एका समारंभात केशवपन केलेली, विधवेच्या पारंपरिक वेषातली एक विद्यार्थिनी बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली, तेव्हा प्रेक्षकांतल्या विद्यार्थ्यांनी तिची टर उडवली. रमाबाई एरवी मवाळ बोलणाऱ्या. त्या दिवशी त्यांनी त्या शिकल्यासवरलेल्या तरुणांना भर सभेत खडे बोल सुनावले. ज्या बाईला आधीच नशिबाने आणि घराने छळले, तिच्यावर हसणाऱ्याला सुशिक्षित म्हणता येणार नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

या मुली रुग्णालयात नेमके काय शिकत असतील? त्या काळी प्रतिजैविके नव्हती. पेनिसिलिन रुग्णांपर्यंत पोहोचायला १९४० चे दशक उजाडावे लागले. विषमज्वर झाला की तीन आठवडे ताप चाले आणि रुग्ण जगला तर बऱ्याच अंशी शुश्रूषेमुळे जगे. वेळेवर पातळ अन्न देणे, तोंड स्वच्छ ठेवणे, ताप चढला की अंग पुसून घेणे, कुशीवर वळवणे, अंथरुण कोरडे ठेवणे, नाडी मोजणे, पोट फुगले किंवा शौचातून रक्त गेले तर लगेच डॉक्टरांना कळवणे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत भारतात कोटीहून अधिक माणसे मेली. त्या साथीवरही औषध नव्हते. डॉक्टर निदान करत आणि निघून जात. मागे राहून रुग्णाला तगवणारी व्यक्ती म्हणजे नर्स, ती असली तर.

शंभर वर्षांत औषधे आली, यंत्रे आली. तरी या कामाचा गाभा बदललेला नाही. आजही कोणत्याही सरकारी रुग्णालयात सिस्टरच्या दिवसाची सुरुवात कामाचा ताबा घेण्याने होते. आधीच्या पाळीची परिचारिका एकेका खाटेपाशी उभी राहून सांगते की याचे काल ऑपरेशन झाले, हिला रक्त चढते आहे, या बाळाने सकाळपासून दूध ओढलेले नाही. यातले एक वाक्य राहिले तर पुढचे सहा ते बारा तास ती गोष्ट कोणालाच ठाऊक नसते. मग तापमान, नाडी, श्वास आणि रक्तदाब यांच्या नोंदी. नंतर औषधे. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ हे प्रत्येक वेळी तपासायचे आणि दिल्यावर लिहायचे. सलाइन किती गेले आणि लघवी किती झाली याचा हिशेब. पडून असलेल्या रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. हात धुणे, जखमेची पट्टी, उपकरणांचे निर्जंतुकीकरण, ऑक्सिजनचा साठा, तातडीच्या औषधांची ट्रॉली. या सगळ्याच्या वर नातेवाइकांच्या प्रश्नांना उत्तरे. पाळीवरच्या सिस्टरवर परिसेविका आणि सगळ्यांवर अधिसेविका लक्ष ठेवतात.

भंडारा जिल्ह्यात हे काम किती नाजूक असते, ते पावसाळ्यात दिसते. धानाच्या रोवणीच्या दिवसांत सर्पदंशाचे रुग्ण येतात. विषारी दंशाची लक्षणे दिसली की डॉक्टर प्रतिविष सुरू करायला सांगतो. ते सुरू झाल्यावर पहिल्या काही मिनिटांतच अंगावर गांधी उठणे, धाप लागणे, रक्तदाब घसरणे अशी प्रतिक्रिया येऊ शकते. त्या वेळी खाटेपाशी सिस्टर असते. ती लगेच प्रतिविष थांबवते, डॉक्टरला बोलावते आणि ॲड्रेनालिन तयार ठेवते. मण्यार चावली असेल तर दंशाच्या जागी फारशी सूजही नसते. रुग्ण झोपेला आल्यासारखा दिसतो. त्याच्या पापण्या जड झाल्या आहेत, त्याला थुंकी गिळता येत नाही, हे जिच्या नजरेला दिसते, ती त्याचा श्वास बंद पडण्याआधी डॉक्टरला हाक मारते. रक्त गोठते की नाही हे पाहण्यासाठी काचेच्या कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन ते वीस मिनिटे न हलवता ठेवायचे असते. ही साधी चाचणी घड्याळाकडे लक्ष असेल तरच खरी ठरते. तुमसर, साकोलीपासून जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत अशा कितीतरी रात्री कोणाच्या तरी पाहण्यामुळे निभावतात. गावपातळीवर उपकेंद्रातली आरोग्यसेविका गरोदर मातांची तपासणी, लसीकरण, प्रसूतीनंतरच्या घरभेटी हे सांभाळते. रमाबाईंच्या काळी अंधाऱ्या खोलीत जे बाळंतपण होई, ते उजेडात आणण्यात या सेविकांचा वाटा फार मोठा आहे.

पाहणे आणि वेळेवर सांगणे हेच या कामाचे मर्म असेल, तर पाहणाऱ्या डोळ्यांची संख्या महत्त्वाची ठरते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार शिक्षण रुग्णालयातल्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असायला हवी. राज्यातल्या सरकारी वॉर्डांत रात्री तीस-चाळीस रुग्णांसाठी एकच सिस्टर धावताना आपण पाहतो. ती आली नाही म्हणून तिच्यावर ओरडताना ती या क्षणी दुसऱ्या कोणत्या खाटेपाशी आहे, हे आपल्याला माहीत नसते. नातेवाइकांना चार गोष्टी सहज करता येतील. सिस्टर औषधे वाटत असताना तिला मध्येच थांबवू नये. ताबा देणे-घेणे चालू असताना गर्दी करू नये. सलाइनचा वेग स्वतः कमी-जास्त करू नये. आणि रुग्णाला पूर्वी कोणत्या औषधाचा त्रास झाला असेल तर ते न विचारताही सांगावे. गुलाबाच्या फुलापेक्षा याचा उपयोग जास्त आहे.

रमाबाईंची शेवटची वर्षेही धावपळीत गेली. पुण्यात मुलींनाही प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे यासाठी त्यांनी चळवळ केली. मुंबई इलाख्यात स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून त्या झटल्या. फिजीला मजूर म्हणून नेलेल्या भारतीय स्त्रियांच्या हालांविरुद्धही त्यांनी आवाज उठवला. एप्रिल १९२४ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा सेवासदनच्या निरनिराळ्या विभागांत हजाराच्या वर स्त्रिया शिकत होत्या. तीन वर्षांनी, १९२७ मध्ये, रमाबाई तांबे यांनी नागपुरात सेवासदन सुरू केले आणि हे काम विदर्भात आले. १९३५ मध्ये मुंबई इलाख्यात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा झाला, १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. नर्स म्हणजे कोण, तिने किती शिकलेले असावे, हे देशाने कायद्यात लिहिले. आज या अभ्यासक्रमांना मुलगेही येतात आणि वॉर्डात ‘ब्रदर’ अशी हाकही ऐकू येते.

रमाबाई स्वतः परिचारिका नव्हत्या. त्यांना ठाऊक होते ते एवढेच की चांगली नर्स हवी असेल तर ती घडेल अशी जागा आधी तयार करावी लागते. मुलगी कुठे राहणार, रात्री कशी ये-जा करणार, कोण शिकवणार, परीक्षा कोण घेणार, पगार वेळेवर मिळणार का, हे प्रश्न त्यांनी १९०९ नंतरच्या वर्षांत एकेका घराच्या ओसरीवर बसून सोडवले. लाखांदूर किंवा पवनीकडच्या एखाद्या खेड्यातली मुलगी आज तीन वर्षांच्या जीएनएमला किंवा चार वर्षांच्या बीएस्सी नर्सिंगला निघते, तेव्हा तिचे आईवडील हेच प्रश्न विचारतात. जिथे वसतिगृह धड नाही, रात्रपाळीनंतर घरी जायला वाहन नाही, जागा भरल्या जात नाहीत आणि वॉर्डात शिवीगाळ झाली तर पाठीशी कोणी उभे राहत नाही, तिथे त्यांना आपण काय उत्तर देणार आहोत, हे या परिचारिका दिनी सरकारने, रुग्णालयांनी आणि आपण नागरिकांनीही ठरवायला हवे.